अस्मानी आणि सुलतानी

आपल्या मराठीत एक जोडशब्द आहे : अस्मानी-सुलतानी. आभाळातून येते ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून येते ते सुलतानी. दुष्काळ, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. जबर सारा, वेठबिगार आणि लूट ही सुलतानी. यातला एक शब्द फारसीतून आला, दुसरा अरबीतून. पण त्यांची जोडी लावली ती मराठी कुणब्याने, आपल्या अनुभवातून. शब्दांशी रोजचा व्यवहार असणारा माणूस म्हणून मला या जोडीचे फार अप्रूप वाटते. संकट आले की शहाण्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न या एका शब्दात आहे. यात आभाळाचे किती आणि माणसाचे किती?

आज मी जी हकिकत सांगणार आहे ती आपल्या मुलखातली नाही. ती उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बर्फाळ डोंगरांतली आहे. मी मराठवाड्यातला माणूस. आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिच्यावरून किसून घेतलेला लाल गोळा. हा बर्फ डोंगरावर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीने साचतो आणि एका रात्रीत आगगाड्या उचलून दरीत फेकतो, हे मी फार उशिरा वाचले. वाचल्यावर मात्र ती गोष्ट मनातून गेली नाही. कारण ती बर्फाइतकीच माणसांची गोष्ट आहे.

आधी थोडे बर्फाविषयी. आपल्याला वाटते, कडे कोसळतात ते कडाक्याच्या थंडीत. पण अनेक मोठे अपघात घडले ते थंडी मोडल्यावर, ऐन हिवाळ्यात हवा एकाएकी उबदार झाल्यावर. पॅसिफिक महासागरावरून येणारी काही वादळे सुरुवातीला थंड असतात. तेव्हा पिसासारखा हलका, कोरडा बर्फ पडतो. मग मागून दक्षिणेची ऊबदार, ओलसर हवा येते. बर्फ जड होतो, चिकट होतो आणि शेवटी त्याचा पाऊस होतो. म्हणजे हलका थर खाली आणि जड थर वर. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर ज्वारीची पोती रचावीत, तसा हा प्रकार. त्यात ढीग सपाट जमिनीवर नसतो, घसरणीवर असतो.

पावसाचे ओझे किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो वजन. इंचभर पाऊस झाला की दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो. एक हेक्टर उतार धरला तर २५० टन. एवढे ओझे बर्फ शोषून घेतो आणि जागच्या जागी जड होतो. त्यातच पाणी कणाकणांमधली पकड सैल करते. मग तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तो थर अखंड लादीसारखा सुटतो. आपल्याकडे आषाढात घाटात दरड सुटते, तेव्हा मातीचे जे होते तेच तिथे बर्फाचे होते. फरक असा, की आपण पावसाला भितो. बर्फात अडकलेल्या माणसाला मात्र पाऊस आला की हायसे वाटते. थंडी कमी झाली, आता बर्फ वितळेल, वाट मोकळी होईल, असे त्याला वाटते. आणि तीच घटका सर्वांत वाईट असते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड नावाची पर्वतरांग आहे. १८९३ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने या रांगेतल्या स्टीव्हन्स खिंडीतून लोहमार्ग नेला. खिंडीखालून सुमारे सव्वाचार किलोमीटरचा बोगदा काढला. तो १९०० साली सुरू झाला. बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी वेलिंग्टन नावाचे छोटे ठाणे होते. स्टेशन, एक हॉटेल, रेल्वेच्या कामगारांची घरे, इंजिनांची शेड. वरती विंडी नावाचा डोंगर, खाली टाय नदीची दरी. मधल्या अरुंद पट्टीवर लोहमार्ग. डोंगराच्या त्या उतारावरचे जंगल वणव्यात जळून गेले होते. बर्फाला धरून ठेवणारी झाडे उरली नव्हती.

फेब्रुवारी १९१०च्या शेवटच्या आठवड्यात स्पोकेनहून सिएटलकडे निघालेल्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपालाची, या डोंगरात अडकल्या. वादळ नऊ दिवस चालले. काही वेळा तासाला एक फूट या वेगाने बर्फ पडत होता, आणि एका दिवसात अकरा फूट पडल्याची नोंद आहे. आधी गाड्या बोगद्याच्या पूर्वेला थांबवल्या होत्या. तिथल्या खाणावळीत प्रवाशांनी जेवण केले. २४ फेब्रुवारीला गाड्या बोगद्यातून वेलिंग्टनला आणून उभ्या केल्या. त्यानंतर काही तासांतच पूर्वेकडे कडा कोसळला आणि ती खाणावळ गाडली गेली. आत असलेली दोन माणसे मेली. ही बातमी वेलिंग्टनला पोचली, तेव्हा प्रवाशांचे धाबे दणाणले. त्यांच्या डब्यांच्या डोक्यावरही तसाच उतार होता.

या विभागाचा प्रमुख होता जेम्स ओनील नावाचा अधिकारी. कष्टाळू माणूस. दिवसरात्र बर्फ उपसणाऱ्या यंत्रांबरोबर उभा राहिला. पण एकेक दोर तुटत गेला. पुढे कडा कोसळला, मागे कडा कोसळला आणि यंत्रे मध्येच अडकली. कोळसा संपत आला. तारायंत्र बंद पडले. फावड्याने बर्फ उपसणाऱ्या मजुरांना ताशी पंधरा सेंट मिळत. त्यांनी मजुरी वाढवून मागितली. मागितलेली वाढ मिळाली नाही, तेव्हा बरेच जण डोंगर उतरून निघून गेले.

प्रवाशांनी एक मागणी केली. गाडी परत बोगद्यात न्या. तिथे निदान डोक्यावर दगड आहे, बर्फ नाही. रेल्वेने नकार दिला. बोगद्यात अंधार, गारठा आणि ओल. डबे गरम ठेवायचे तर इंजिन पेटते ठेवावे लागणार आणि त्याचा धूर आत कोंडणार. ही कारणे खोटी नव्हती. पण सर्वांत मोठे कारण वेगळे होते. ही जागा सुरक्षित आहे, कारण इथे आजवर कधी कडा कोसळलेला नाही.

‘आजवर कधी झालेले नाही’ हे वाक्य मला या सगळ्या कहाणीत सर्वांत भयंकर वाटते. ‘आजवर’ म्हणजे किती? लोहमार्ग येऊन सतराच वर्षे झाली होती. डोंगराचे वय किती आणि रेल्वेची आठवण केवढी! त्यात ज्या झाडांनी तो उतार धरून ठेवला होता, ती झाडे आता नव्हती. म्हणजे आठवण एका डोंगराची होती आणि समोर उभा होता तो दुसराच डोंगर.

काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी मात्र जिवावर उदार होऊन पायी वाट धरली. रुळावरून चालत, शेवटी उतारावर बसून घसरत, ते खालच्या सीनिक स्टेशनाला पोचले. ओनीलही मदत आणण्यासाठी असाच पायी खाली गेला. मागे राहिले ते म्हातारे, आजारी, बायका-मुले, रेल्वेवर भरवसा ठेवणारे आणि नोकरीवर हजर असलेले कर्मचारी.

मग हवा बदलली. वारा उबदार झाला. बर्फाचा पाऊस झाला. मध्यरात्रीनंतर विजा कडाडू लागल्या. १ मार्च १९१०, रात्रीचा एक वाजून गेला होता. विंडी डोंगरावरून दहा फूट जाडीची, जवळजवळ अर्धा मैल लांब आणि पाव मैल रुंद अशी बर्फाची लादी सुटली. तिने दोन्ही गाड्या, इंजिने आणि डबे उचलले आणि सुमारे दीडशे फूट खाली नदीच्या दरीत लोटले. हॉटेल मात्र वाचले. ते बर्फाच्या वाटेत नव्हते, इतकेच. ९६ माणसे मेली. त्यांत ३५ प्रवासी होते आणि ६१ रेल्वेचे कर्मचारी. २३ जणांना जिवंत बाहेर काढता आले. शेवटची प्रेते जुलैमध्ये, बर्फ वितळल्यावर सापडली. अमेरिकेच्या इतिहासातला हिमस्खलनाचा हा आजही सर्वांत मोठा बळी आहे.

प्रकरण न्यायालयात गेले. एका मृत प्रवाशाच्या कुटुंबाने कंपनीवर दावा लावला. खालच्या न्यायालयात निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. पण १९१४ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हा ईश्वरी कोप आहे, कंपनीचा यात दोष नाही, असे ठरले. आपल्या भाषेत सांगायचे तर, हे अस्मानी आहे असा शिक्का बसला.

आता गंमत पाहा. न्यायालयाने अस्मानी म्हटले, पण कंपनी मात्र सुलतानीचा बंदोबस्त करीत होती. १९१० सालीच ठाण्याचे नाव बदलून टाय केले, कारण वेलिंग्टन या नावाला मृत्यूचा वास लागला होता. त्या जागी लोहमार्गावर काँक्रीटचे भक्कम छप्पर घातले, म्हणजे बर्फ वरून निसटून दरीत जावा. पुढे १९२९ साली साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला आणि डोंगरातला तो मार्गच सोडून दिला. आज तिथे पायवाट आहे. उन्हाळ्यात लोक सहलीला जातात आणि त्या जुन्या काँक्रीटच्या छपराखालून चालतात. जे आभाळाच्या हातात होते ते तसेच राहिले. माणसाच्या हातात जे होते तेवढे माणसाने बदलले. फक्त ते ९६ माणसांनंतर बदलले.

वेलिंग्टनची घटना घडून तीनच दिवस झाले होते. तिथून उत्तरेला कॅनडात, सेल्कर्क पर्वतातल्या रॉजर्स खिंडीत, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मार्गावर कडा कोसळला. ४ मार्चची रात्र. व्हँकुव्हरकडे जाणारी गाडी येत होती, तिच्यासाठी वाट मोकळी करायला साठ-एक मजूर आणि बर्फ उपसणारे यंत्र पाठवले. इथेही आधी भरपूर बर्फ पडला होता आणि मागून हवा उबदार झाली होती. मजूर एका बाजूच्या डोंगरातून आलेला ढीग खणत होते. काम संपत आले होते. मध्यरात्रीला अर्धा तास असताना समोरच्या डोंगरावरून दुसरा कडा सुटला आणि त्याने सगळे खणलेले पुन्हा भरून टाकले, माणसांसकट. ५८ मजूर गेले. त्यांतले ३२ जपानी होते. समुद्र ओलांडून पोटासाठी आलेली माणसे. त्यांतले कित्येक जण उभ्या उभ्याच गोठलेले सापडले. इंजिनातला एक कामगार कड्याआधीच्या वाऱ्याच्या झोताने बाजूला फेकला गेला, म्हणून वाचला.

इथे बर्फ आभाळाने पाठवला, हे खरे. पण एक उतार सुटला, म्हणजे त्याच हवेत, त्याच पावसात उभे असलेले बाकीचे उतारही सुटायच्या बेतात आहेत, हे ओळखून माणसे मागे घ्यायची की गाडीची वेळ पाळायची, हा निर्णय आभाळाचा नव्हता. १८८५ साली हा मार्ग पूर्ण झाल्यापासून पंचवीस वर्षांत दोनशेहून अधिक माणसे इथल्या कड्यांनी घेतली होती. १९१६ साली कंपनीने खिंडीखालून आठ किलोमीटरचा बोगदा खणला आणि वरचा मार्ग डोंगराला परत देऊन टाकला.

त्यानंतर माणूस हळूहळू शिकत गेला. १९६२ साली त्याच रॉजर्स खिंडीतून मोठा महामार्ग सुरू झाला, तेव्हा कॅनडाने तिथे चक्क तोफखाना नेऊन ठेवला. सैन्याच्या तोफा उतारांवर गोळे टाकतात. रस्ता बंद करून, माणसे हलवून, साचलेला बर्फ आपल्या सवडीने, थोडाथोडा पाडायचा. हे काम तिथे आजही चालते. युद्धाची तोफ माणूस वाचवायला वापरल्याचे उदाहरण विरळा. हे त्यातले एक.

पावसाचे कोडेही सुटत गेले. १९९३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॉन्वे आणि रेमंड या संशोधकांनी कॅस्केड पर्वतातली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पूर्वी समज असा होता, की पाणी बर्फात झिरपत खोल जाईल, कच्चा थर भिजवील आणि मग कडा सुटेल. म्हणजे हाताशी काही वेळ असतो. त्यांना दिसले वेगळेच. ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात कडे सुटत होते. पाणी तेव्हा खालच्या थरापर्यंत पोचलेलेही नव्हते. याचा सरळ अर्थ असा, की पहिला थेंब हाच इशारा. पाऊस लागल्यावर काय करायचे याचा विचार पाऊस लागण्यापूर्वी झाला पाहिजे.

आणि पाऊस तेवढ्यावर थांबत नाही. तो गोठतो. बर्फाच्या थरात काचेसारखा पापुद्रा होऊन बसतो. त्याला चिकटून साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि वर नवा बर्फ साचत जातो. नोव्हेंबर २००२ मध्ये पश्चिम कॅनडाच्या पर्वतांत असा पाऊस झाला आणि असाच थर तयार झाला. तो महिनोन् महिने दबून राहिला. २० जानेवारी २००३ रोजी त्याच थरावरून कडा सुटला आणि स्कीवरून डोंगर फिरणारी सात माणसे गेली. बारा दिवसांनी, १ फेब्रुवारीला, रॉजर्स खिंडीजवळच एका शाळेच्या सतरा जणांच्या तुकडीवर कडा कोसळला. सात विद्यार्थी मेले. शेजारच्या उतारावरच्या दोन अनुभवी वाटाड्यांनी ते पाहिले, धावत जाऊन बर्फ उपसला, म्हणून बाकीचे वाचले. १ फेब्रुवारी २००३ ही तारीख आपल्याला दुसऱ्या कारणाने आठवते. त्याच दिवशी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावला गेली. सगळे जग आभाळाकडे पाहत होते. त्या दिवशी कॅनडातल्या सात घरांना मात्र डोंगराकडे पाहवत नव्हते.

त्या मुलांना नोव्हेंबरचा पाऊस ठाऊक असायचे कारण नव्हते. तो ज्यांना ठाऊक होता, त्यांचे ज्ञान शाळेपर्यंत नेमक्या आणि समजेल अशा शब्दांत पोचायला हवे होते. स्की करण्यासाठी राखलेल्या उतारांवर पहारा असतो, पाट्या असतात. त्यापलीकडच्या मोकळ्या डोंगरात माणूस एकटा असतो. म्हणून पुढच्या वर्षी, २००४ साली, कॅनडाने देशभरासाठी हिमस्खलनाची माहिती देणारे केंद्र काढले. डोंगरातल्या वाटांची साध्या, अवघड आणि गुंतागुंतीच्या अशी तीन भागांत वर्गवारी केली. शाळेची मुले नेणाऱ्यांसाठी नियम केले. ‘धोका आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कुणाला, कुठे आणि केव्हा, हेही सांगावे लागते. मी शब्दांच्या धंद्यातला आहे, म्हणून मला हे महत्त्वाचे वाटते. योग्य शब्द योग्य माणसापर्यंत वेळेवर पोचला, तर जीव वाचतो.

आपल्या देशात हिमालय आहे, म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे. १९६९ साली मनालीला बर्फाचा आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. २०२० साली ती डीआरडीओच्या चंदीगडच्या संस्थेत विलीन झाली आणि तिथून आता इशारे दिले जातात. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस उत्तर भारतात खाली मुसळधार पाऊस आणि वर बर्फ पडत होता. बद्रीनाथच्या वरच्या माणा गावाजवळ रस्त्यावरचा बर्फ काढणारे ५४ मजूर लोखंडी कंटेनरांत राहत होते. आदल्या संध्याकाळी चंदीगडहून त्या जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा निघाला होता. २८ फेब्रुवारीला कडा कोसळला. सैन्याने आणि बचाव पथकांनी शर्थ करून ४६ जणांना वाचवले. आठ जण गेले.

रॉजर्स खिंडीतले जपानी मजूर आणि माणाचे मजूर यांच्यात ११५ वर्षांचे अंतर आहे. शास्त्र एवढ्या वर्षांत फार पुढे गेले. इशारा देणारे आता आहेत. पण बर्फ उपसणारा माणूस झोपतो कुठे, इशारा आला की त्याला तिथून हलवण्याचा अधिकार कुणाला आहे आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कोण देणार, हे प्रश्न ताशी पंधरा सेंटच्या काळातलेच आहेत.

पृथ्वी तापते आहे. हिवाळ्यात पाऊस आता अशा उंचीवर पडू लागला आहे, जिथे पूर्वी फक्त बर्फ पडे. म्हणजे ‘आजवर कधी झालेले नाही’ या वाक्याची किंमत दरवर्षी कमी होत जाणार. जुनी आठवण पुरणार नाही. उतारावरची झाडे तोडताना, रस्ता खणताना, छावणीची जागा ठरवताना नव्याने विचार करावा लागेल.

आभाळातून काय येणार हे आपल्या हाती नाही. ते आले तेव्हा त्याच्याखाली कुणाला उभे केले होते, एवढा हिशेब मात्र आपल्याला मागता येतो. आपल्या कुणब्याने अस्मानी आणि सुलतानी हे दोन शब्द जोडून ठेवले, ते याच हिशेबासाठी. पहिल्याच्या आड दुसरा लपू नये म्हणून.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)